आधी वही, मग वेब: शाळेच्या वाचनालयासाठी ऑनलाइन साधनं कशी शिकावीत

वेबिनारचं प्रमाणपत्र मिळालं म्हणून वाचनालय ऑनलाइन होत नाही. प्रशिक्षणात एका दुपारी डझनभर साधनं दाखवतात. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत आठवीचा वर्ग काउंटरवर तुटून पडतो आणि त्या डझनातलं एकही हाताला लागत नाही. मी गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या एका हायस्कूलमध्ये ग्रंथपाल आहे. कार्डांच्या कपाटावर शिकलेली, संगणकाकडे नंतर वळलेली. एकटा माणूस, एक जुना संगणक, पावसात हमखास जाणारी वीज, आणि कपाटांत मराठी, कोंकणी, हिंदी, इंग्रजी पुस्तकांची सरमिसळ, असा ज्यांचा संसार आहे त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

माझा क्रम साधा आहे. काउंटरवर लोक काय विचारतात ते आधी लिहून काढायचं. त्या प्रश्नांची उत्तरं देईल अशी यादी करायची. यादीसाठी लागेल तेवढंच टायपिंग शिकायचं. क्यूआर, फॉर्म, कोहासारखं ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर हे सगळं त्यानंतर. साधन आधी आणि काम मागून, असं केलं की साधन धूळ खात पडतं.

शंभर पानी वही

काउंटरवर एक वही ठेवा आणि महिनाभर प्रत्येक प्रश्न विचारणाऱ्याच्या शब्दांत लिहा. आपल्या भाषेत सुधारून लिहू नका. माझ्या वहीतले काही प्रश्न असे: "मॅडम, भुतांचें पुस्तक आसा?" "त्या निळ्या कव्हराचं, मागे मांजर आहे ते." "दहावीच्या प्रोजेक्टाक खाणींचेर कितें मेळटलें?" (खाणींवर काय मिळेल?) शीर्षक आणि लेखक नीट सांगून पुस्तक मागणारे फार थोडे, आणि त्यातले बहुतेक शिक्षक. म्हणजे शीर्षक-लेखक-प्रकाशक अशी छापील यादी नेटवर चढवली तरी 'भूत' शोधणाऱ्या पोराला तिचा काही उपयोग नाही. शीर्षकात भूत हा शब्द असतोच असं नाही.

सगळ्यात जास्त शिकवलं ते नाटकांच्या प्रश्नांनी. गोव्यात नाटकाचं वेड किती ते वेगळं सांगायला नको. गॅदरिंग जवळ आलं की शिक्षक एकांकिका मागायला येतात. गावच्या जत्रेचं नाटक ठरवायचं असलं की माजी विद्यार्थीही येतात. कुणी कला अकादमीच्या मराठी नाट्यस्पर्धेसाठी संहिता धुंडाळत असतो. नाटककार कोण हा प्रश्न यातला एकही माणूस आधी विचारत नाही. "पुरुष किती, बायका किती? सेट एकच आहे ना? तासाभरात होईल?" हेच ऐकू येतं. माझ्या यादीत म्हणून नाटकांना तीन जादा रकाने आहेत: पुरुषपात्रं, स्त्रीपात्रं, अंक. तीन पुरुष आणि दोन बायका असं गाळून घेतलं की तेवढीच नाटकं समोर येतात. सुरुवातीला प्रत्येक नाटकाचं पात्रपरिचयाचं पान उघडून मोजावं लागतं, तेवढा वेळ जातो. पण पूर्वी एकेका नाटकासाठी कपाट उपसावं लागायचं, त्याची बरोबरी होत नाही.

ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयाचे पाच नियम मांडले, त्यातला चौथा वाचकाचा वेळ वाचवण्याचा. परीक्षेत आपण सगळ्यांनी तो लिहिला आहे. तो वापरायला वही लागते.

टायपिंग

शाळेतल्या संगणकावर जुनी यादी असलीच तर ती बहुधा श्रीलिपी, शिवाजी किंवा कृतिदेव अशा फाँटमध्ये असेल. त्या काळी दुसरा इलाजही नव्हता. आता ती यादी गूगल शीटमध्ये चिकटवा, चित्रविचित्र चिन्हांचा ढीग दिसेल. फाइल बिघडलेली नसते. त्या फाँटमध्ये आत रोमन अक्षरांचेच संकेत असतात आणि फाँट त्यांना मराठी चेहरा देतो. फाँट गेला की चेहरा गेला. वेबवर शोधता येईल असं मराठी हवं असेल तर ते युनिकोडमध्येच असायला हवं, म्हणजे प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा ठरलेला संकेत असलेल्या पद्धतीत.

जुन्या फाँटमधून युनिकोडमध्ये नेणारी रूपांतर साधनं नेटवर फुकट मिळतात, पण प्रत्येक साधन ठराविक फाँटसाठी असतं. आधी आपल्या फाइलचा फाँट नेमका कोणता ते पाहा. मग सगळी यादी एकदम न टाकता वीस-पंचवीस ओळी टाका आणि रफार, जोडाक्षरं, ऱ्हस्व इकार आणि 'ऱ्य-ऱ्ह' तपासा. गडबड असली तर ती याच ठिकाणी दिसते. फाइल हरवली असेल आणि नुसता छापील कागद उरला असेल तर तो स्कॅन करून गूगल ड्राइव्हवर चढवा आणि उजवी कळ दाबून 'ओपन विथ' मधून गूगल डॉक्समध्ये उघडा. ड्राइव्ह चित्रातली मराठी अक्षरं वाचून मजकूर काढून देतं. पान सरळ असावं आणि फाइल २ एमबीच्या आत ठेवावी. हाताने लिहिलेल्या वहीला मात्र याचा भरवसा धरू नका.

नवीन टायपिंगसाठी विंडोजच्या भाषेच्या सेटिंगमध्ये मराठी घाला आणि कीबोर्ड 'मराठी फोनेटिक' निवडा, म्हणजे उच्चाराप्रमाणे रोमन कळा दाबून मराठी उमटतं. विंडोजची कळ आणि स्पेसबार एकदम दाबला की इंग्रजीतून मराठीत, पुन्हा दाबला की परत. इनस्क्रिप्ट हा भारतीय लिप्यांचा प्रमाण कीबोर्ड शिकलात तर वेग जास्त येतो, पण पन्नाशीत हात वळवायचा हट्ट धरू नये असं माझं मत आहे. फोनवर जीबोर्डमध्ये (गूगलच्या कीबोर्डमध्ये) मराठी घालून माइकचं बटण दाबलं तर बोललेलं टाइप होतं. कपाटासमोर उभं राहून शीर्षकं वाचत गेलं की यादीचा कच्चा खर्डा तयार होतो. एकच सांभाळा: मराठीवर लावलेल्या माइकला कोंकणी शीर्षक सांगितलं की तो त्याचं मराठी करायला बघतो. कोंकणी कपाट हातानेच टाइप करा. नाहीतर गूगल लेन्सने मुखपृष्ठाचा फोटो घेऊन त्यातून मजकूर उचला.

आता एक बारीक गोष्ट, जी प्रशिक्षणात कुणी सांगत नाही. मराठीत एकच अक्षर दिसायला सारखं आणि आतून वेगळं असू शकतं. 'ॲटलास' घ्या. त्यातला पहिला ॲ कुणी एका कळीने लिहितो, कुणी अ लिहून त्यावर चंद्र चढवतो, कुणी हिंदी पद्धतीचा ऍ वापरतो. यादीत तीन ॲटलास तीन पद्धतींनी लिहिले असतील तर शोधणाऱ्याला एकच सापडेल. 'दऱ्या'मधला अर्धा र साध्या र ने लिहिला की 'दर्या' होतो, आणि आपल्याकडे दर्या म्हणजे समुद्र. यादी पूर्ण झाली की 'फाइंड अँड रिप्लेस' घेऊन ॲ, ऍ, ऱ्य, ऱ्ह यांची एकदा झाडाझडती घ्यायची. अर्ध्या तासाचं काम आहे.

यादी: सगळं याच्यावर उभं आहे

गूगल शीट पुरते. फुकट आहे, १५ जीबी जागा मिळते, फोनवरही उघडते, आणि वीज गेली तरी तोवर लिहिलेलं जात नाही. रकाने मी असे ठेवले आहेत: दाखल क्रमांक, शीर्षक, लेखक, भाषा, लिपी, वर्गांक (पुस्तकाच्या विषयाचा क्रमांक), कपाट-फळी, आयएसबीएन (पुस्तकावर छापलेला आंतरराष्ट्रीय क्रमांक), मुलांचा शब्द, शेरा. त्याच्या उजवीकडे नाटकांचे तीन.

दाखल क्रमांक तुमच्या दाखल नोंदवहीतलाच घ्या. नवीन क्रमांक पाडू नका. तपासणीला येणारे अधिकारी नोंदवहीच मागतात आणि पुस्तक बाद करतानाही तिच्यावरच सही होते. शीट ही तिची शोधायला सोपी प्रत आहे, तिची जागा घेणारी नव्हे. क्रमांकाचा आणि आयएसबीएनचा रकाना 'फॉरमॅट' मधून 'प्लेन टेक्स्ट' करून घ्या. तसं नाही केलं तर ००४५ चा ४५ होतो, आणि एक्सेलमध्ये आयएसबीएनचे १३ आकडे आखडून भलताच दशांश दिसतो. आकडे इंग्रजी कळांनी टाइप करा. मराठी आकडे डोळ्याला चांगले दिसतात, पण पात्रसंख्येसारख्या रकान्यात शीट त्यांना अक्षरं समजते आणि मग १० नंतर २ येतो.

भाषा आणि लिपी वेगवेगळी का? कारण गोवा. माझ्या कपाटात कोंकणी पुस्तकं देवनागरीत आहेत आणि रोमीत, म्हणजे रोमन लिपीतही. ड्यूई या ग्रंथवर्गीकरणाच्या पद्धतीत मराठी साहित्य ८९१.४६ आणि कोंकणी ८९१.४६९. लिपी कोणतीही असो, वर्गांक तोच. रोमी वाचणारी मुलगी देवनागरी पुस्तक हातात घेऊन परत ठेवते, तिला तेवढी पुस्तकं गाळून मिळायला हवीत. या दोन रकान्यांना 'डेटा व्हॅलिडेशन' वापरून ड्रॉपडाउन लावा. मग कुणी 'कोकणी', कुणी 'कोंकणी', कुणी 'कोंकणि' असं लिहिणार नाही.

लेखकाचा रकाना सगळ्यात जास्त त्रास देतो. बा. भ. बोरकर यांचंच बघा. त्यांनी मराठीतही लिहिलं आणि कोंकणीतही. पुस्तकांवरून जसंच्या तसं उतरवत गेलात तर एकच कवी 'बा. भ. बोरकर', 'बा.भ.बोरकर', 'बाळकृष्ण भगवंत बोरकर' आणि 'बाकीबाब बोरकर' असा चार ठिकाणी विखुरतो, रोमी पुस्तक असलं तर पाचव्या ठिकाणी. शीटला आद्याक्षरांमधली मोकळी जागासुद्धा फरक वाटते. मी आडनाव पुढे घेते: 'बोरकर, बा. भ.' दुसऱ्या टॅबवर लेखकांची एक छोटी यादी ठेवली आहे. डावीकडे ठरलेलं रूप, उजवीकडे बाकीची रूपं. नवीन पुस्तक आलं की आधी तिथे बघायचं, मग नाव लिहायचं. मोठ्या ग्रंथालयांत याला प्राधिकृत नोंदी म्हणतात आणि त्यासाठी वेगळी माणसं असतात. आपल्याला तीस-चाळीस लेखकांची केली तरी बस्स. बाकीचे लेखक एकेका पुस्तकापुरते आहेत, त्यांच्यामागे लागू नये.

शीर्षकांच्या मागेपुढे राहिलेल्या मोकळ्या जागा 'डेटा क्लीनअप' मधल्या 'ट्रिम व्हाइटस्पेस'ने एका फटक्यात जातात. त्याच मेन्यूतलं 'रिमूव्ह डुप्लिकेट्स' मात्र जपून. शाळेत एकाच पुस्तकाच्या दहा प्रती असतात, प्रत्येकीचा दाखल क्रमांक वेगळा. शीर्षकावरून डुप्लिकेट काढायला सांगितलं तर नऊ प्रती उडतील. तसं झालंच तर 'फाइल' मधल्या 'व्हर्जन हिस्ट्री'त मागची प्रत सापडते.

'मुलांचा शब्द' हा रकाना वहीतून येतो. भूत, विनोदी, क्रिकेट, कुत्रा-मांजर, खाण, समुद्र, शिवाजी महाराज, प्रयोग. ग्रंथालयशास्त्रातले विषयमथळे इथे घालू नका. सातवीतला मुलगा 'अलौकिक शक्तीविषयक कथा' असं टाइप करणार नाही. हे शब्द मुलांकडूनच भरून घ्या. पुस्तक परत देताना एक शब्द विचारायचा आणि तिथल्या तिथे टाकायचा. कधी कधी फार मजेशीर येतं: एका पोराने इतिहासाच्या एका जाड पुस्तकाला 'झोप' हा शब्द दिला. मी तो ठेवला आहे.

आयएसबीएनबद्दल थोडं. भारतीय पुस्तकांवर तो ९७८-८१ किंवा ९७८-९३ ने सुरू होतो. २००७ पूर्वीच्या पुस्तकांवर दहा अंकी असतो आणि शेवटी कधी कधी एक्स हे अक्षरही असतं, ते चुकून छापलेलं नाही. ओपन लायब्ररी किंवा गूगल बुक्सवर हा क्रमांक टाकला की इंग्रजी पुस्तकाची सगळी माहिती येते. मराठी पुस्तकांच्या बाबतीत नोंद नसते, किंवा शीर्षक रोमनमध्ये कुणाच्या तरी मनाच्या स्पेलिंगने असतं. जुन्या मराठी पुस्तकांवर तर क्रमांकच नसतो. मराठी कपाटासाठी या वाटेला जाऊ नका, हाताने टाइप करणं लवकर होतं.

मुलांपुढे यादी कशी ठेवायची

वाचनालयातल्या संगणकावर शीट 'व्ह्यूअर' म्हणून उघडून ठेवा. बघणाऱ्याला काही बदलता येत नाही, पण स्वतःपुरता तात्पुरता फिल्टर लावता येतो. फिल्टरचं चिन्ह कुठे, शब्द कुठे लिहायचा, एवढंच कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून संगणकाच्या कडेला लावा. पहिल्या आठवड्यात दोन हुशार मुलांना शिकवलं की ती बाकीच्यांना शिकवतात, आपल्यापेक्षा चांगलं.

पालकांना आणि शिक्षकांना घरून बघता यावी म्हणून 'पब्लिश टू वेब' आहे. तिथे पहिलीच निवड 'संपूर्ण दस्तऐवज' अशी असते, ती बदलून फक्त यादीचा टॅब निवडा. त्याहून बरं म्हणजे कुणी कोणतं पुस्तक नेलं याची नोंद त्या फाइलमध्ये ठेवूच नका. तिची फाइल वेगळी, आणि ती फक्त तुमच्यासाठी. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहितीच्या कायद्यात १८ वर्षांखालचा प्रत्येकजण मूल धरला आहे आणि मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती मागितली आहे. मी देवघेवीत वर्ग, तुकडी आणि हजेरी क्रमांक यापलीकडे काही लिहीत नाही. कोण पोरगी काय वाचते हे मैत्रिणींनाही कळायचं कारण नाही.

फॉर्म आणि क्यूआर

गूगल फॉर्मचा मला झालेला खरा उपयोग देवघेवीत आहे. फॉर्ममध्ये तीनच प्रश्न: दाखल क्रमांक, वर्ग-हजेरी क्रमांक, नेलं की परत दिलं. फॉर्मच्या तीन टिंबांच्या मेन्यूत आधीच भरलेली लिंक बनवायची सोय आहे, तिला प्री-फिल्ड लिंक म्हणतात. एका पुस्तकाचा क्रमांक भरून ती लिंक घ्या. लिंक लांबलचक दिसते, पण नीट पाहिलं तर तुम्ही भरलेला क्रमांक तिच्यात जसाच्या तसा असतो. शीटमध्ये लिंकचा उरलेला भाग आणि प्रत्येक ओळीतला दाखल क्रमांक जोडणारं सूत्र लिहिलं की सगळ्या पुस्तकांच्या लिंका एकदम तयार. त्यांचे क्यूआर छापून कव्हरच्या आतल्या बाजूला चिकटवायचे. काउंटरवर आपल्या फोनने क्यूआर वाचला की क्रमांक आपोआप भरलेला येतो. फक्त हजेरी क्रमांक टाकायचा.

हे नवीन खरेदीपुरतंच करा. सगळ्या जुन्या पुस्तकांना क्यूआर लावत बसलात तर वर्ष त्यातच जाईल आणि अर्धी पुस्तकं वर्षानुवर्षं कुणी हलवत नाही.

क्यूआर बनवायला क्रोम पुरतो. पानावर उजवी कळ दाबली की पर्याय दिसतो. नेटवर क्यूआर करून देणाऱ्या बऱ्याच फुकट साइटी आहेत, त्यातल्या काही तुमची लिंक थेट क्यूआरमध्ये घालत नाहीत. आपल्या साइटवरून वळवून नेतात. मुदत संपली की पैसे भरा नाहीतर क्यूआर बंद. पुस्तकांवर चिकटवून झाल्यावर हे कळलं तर काय करणार? खूण अशी: क्यूआर वाचल्यावर फोनवर जी लिंक दिसते ती तुमच्या फॉर्मचीच आहे ना ते बघा. दुसरंच काही नाव दिसलं तर तो वापरू नका. साधनात चूक-दुरुस्तीची पातळी निवडता येत असेल तर सर्वात वरची निवडा. तिच्यात सुमारे ३० टक्के भाग खराब झाला तरी क्यूआर वाचता येतो, आणि आमच्याकडच्या पावसाळ्यात कागदाला बुरशी धरते तेव्हा त्याची गरज लागते. वर सेलोटेप लावू नका, ती पिवळी पडते आणि कागदही ओढून घेते.

भिंतीवर क्यूआर लावून 'डिजिटल वाचनालय' म्हणवून घ्यायची टूम निघाली आहे, ती मला पटत नाही. मुलांकडे शाळेत फोन नसतो, नसावाही. मग तो क्यूआर वाचणार कोण? पालकसभेच्या दिवशी दारात लावा, तिथे त्याला अर्थ आहे.

मुदत उलटूनही परत न आलेली पुस्तकं शोधायला आजच्या तारखेतून दिल्याची तारीख वजा करणारा एक रकाना आणि पंधराच्या वरच्या आकड्याला लाल रंग. चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या सुट्टीच्या आधी तो रंग बघून घ्यायचा. सुट्टीत पुस्तक माटोळीखाली (गणपतीच्या वर टांगलेल्या फळा-पानांच्या आराशीखाली) गेलं की दिवाळीपर्यंत दर्शन होत नाही.

बाहेरचं शोधताना

प्रकल्पासाठी पहिली जागा मराठी विश्वकोश. वाईहून निघालेले वीस खंड आता नेटवर खुले आहेत. नोंदी भरवशाच्या आहेत, फक्त लोकसंख्या, उत्पादन असे आकडे छपाईच्या काळचे असतात. ते मुलांना दुसरीकडून तपासून घ्यायला सांगा. लहान वर्गांसाठी प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर: मराठी आणि कोंकणी दोन्ही भाषांत चित्रकथा आहेत, खुल्या परवान्यात आहेत, छापून वर्गात वाटल्या तरी चालतात. फक्त मूळ लेखक-चित्रकारांची नावं काढून टाकू नयेत. राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय आयआयटी खरगपूरने उभं केलं आहे. वरच्या वर्गांना त्याचा उपयोग होतो, पण शोधताना गाळणी न लावता गेलात तर संशोधन-निबंधांच्या जंगलात शिराल. गोव्याच्या इतिहासाचं काही हवं असेल तर पणजीत पाटो इथलं कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय. १८३२ सालापासूनची संस्था आहे. नेटवर तासभर घालवण्याआधी तिथल्या ग्रंथपालांना एक फोन करावा.

इंटरनेट आर्काइव्हवर डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाची स्कॅन केलेली हजारो जुनी पुस्तकं आहेत, मराठीही भरपूर. पण शीर्षकं बहुधा रोमनमध्ये आणि स्पेलिंग मनाला येईल तसं. दोन-तीन स्पेलिंग करून बघा, लेखकाच्या आडनावानेही शोधा.

आणि तिथे आहे म्हणून वाटायला मोकळं आहे असं समजू नका. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क राहतो. साने गुरुजी १९५० साली गेले, त्यांचं लेखन २०११ च्या १ जानेवारीपासून मुक्त आहे. बोरकर १९८४ साली गेले, त्यांच्या कविता २०४४ संपेपर्यंत हक्कात आहेत. त्यांचा अख्खा संग्रह पीडीएफ करून व्हॉट्सॲपवर फिरवणं बरोबर नाही, पाठवणारे मराठीचे शिक्षक असले तरी. मूळ लेखक मुक्त झाला तरी अनुवादकाचा आणि संपादकाचा हक्क वेगळा मोजावा लागतो. मी मुक्त पुस्तकांच्या ओळीसमोर शेऱ्यात मृत्यूचं साल लिहून ठेवते. कुणी विचारलं तर वाद नको.

चॅटबॉटला 'गोव्यावरची मुलांची मराठी पुस्तकं सांग' म्हटलं तर तो झटक्यात दहा नावं देतो, त्यातली काही अस्तित्वातच नसतात. मुलं ती चिठ्ठी घेऊन काउंटरवर येतात. आधी यादीत आणि मध्यवर्ती ग्रंथालयाच्या तालिकेत शोधायचं, कुठेच नसलं तर त्या पुस्तकाच्या मागे लागायचं नाही.

कोहा कधी?

कोहा हे मुक्त सॉफ्टवेअर १९९९ साली न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआच्या सार्वजनिक ग्रंथालयासाठी तयार झालं, आता जगभर चालतं. आपल्याकडे एनआयसी या केंद्र सरकारच्या संगणक-संस्थेचं ई-ग्रंथालयही आहे. दोन्ही चांगली आहेत. पण सर्व्हर सांभाळणारा माणूस नसेल तर एकट्या ग्रंथपालाने कोहा उभं करायच्या फंदात पडू नये. सॉफ्टवेअर फुकट, माणूस फुकट नाही. संस्थेच्या तीन-चार शाळा एकत्र आल्या तर त्याला अर्थ आहे. तेव्हा तुमची शीट सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी फाइल, करून आत नेता येते. एक्सेलमधून सीएसव्ही करताना 'यूटीएफ-८' निवडा, नाहीतर सगळ्या मराठी शीर्षकांची प्रश्नचिन्हं होतील. रकाने वेगळे आणि लेखक एका रूपात असतील तर बदल सोपा जातो. एकाच रकान्यात 'शीर्षक, लेखक, किंमत' असं कोंबलेलं असेल तर पुन्हा पहिल्यापासून.

खातं कुणाचं?

हे सगळं सुरू करण्याच्या आधी करायचं, पण सांगितल्याशिवाय लक्षात येत नाही म्हणून शेवटी सांगते. स्वतःच्या खासगी जीमेलवर वाचनालयाची यादी ठेवू नका. शाळेच्या नावाचं खातं काढा. पासवर्ड परत मिळवायला मुख्याध्यापकांच्या कार्यालयाचा नंबर द्या आणि पासवर्ड बंद पाकिटात घालून त्यांच्या कपाटात ठेवा. दोन वर्षं कुणी न उघडलेलं खातं गूगल पुसून टाकू शकतं, तेव्हा ग्रंथपालाची जागा रिकामी पडली तर अधूनमधून लॉगिन करायला ऑफिसातल्या क्लार्कला सांगून ठेवा. वर्षातून एकदा, साठा पडताळणी झाली की, शीट डाउनलोड करून पेन ड्राइव्हवर घ्या आणि एक प्रत छापून दाखल नोंदवहीसोबत बांधा. पावसाळ्यात संगणक बंद पडला तर तीच प्रत काउंटरवर कामाला येते.